उंबरखिंडीतली कोंडी
मोगल सुभेदार शाइस्तेखानाने कोकणावर धाडलेला सरदार कारतलबखान फेब्रुवारी १६६१ मध्ये लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली उतरला. पुढे उंबरखिंड, आजच्या खालापूर तालुक्यात. वाट इतकी अरुंद, की मोठ्या फौजेची लांबलचक रांग झाली आणि संख्येचा उपयोगच उरला नाही. शिवाजी महाराजांनी तिला बिनधोक आत येऊ दिले. मला यातला संयम सर्वांत मोठा वाटतो. झाडीत दबा धरलेल्या मावळ्यांपैकी कुणाचा एक बार जरी आधी सुटला असता, तरी खान सावध झाला असता. मग खिंडीची दोन्ही तोंडे बंद झाली, झाडीतून बाण आणि गोळ्या सुटल्या. पाणीही मिळेना. खानासोबतच्या रायबागन या सरदारणीने शरण जाण्याचा सल्ला दिला. खंडणी कबूल करून, सामानसुमान तिथेच टाकून खान माघारी गेला.