उद्याची काळजी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांत माझे वडील होते. आज मिटेल, उद्या मिटेल, या आशेवर दीड वर्ष गेलं. अखेर पावसाच्या तोंडावर लालबागची खोली सोडून आम्ही कोकणात गावी निघालो.

एसटीत मी आईला विचारलं, "आता आपलं कसं होणार?"

"विठोबाला काळजी," ती म्हणाली.

मला रागच आला. शाळेची फी काय विठोबा भरणार होता?

गावी पोचल्यावर दुसऱ्याच पहाटे आई पदर खोचून लोकांच्या शेतात कामाला गेली.

देव ऐकतो का, हे मला आजही सांगता येत नाही. पण उद्याची काळजी त्याच्यावर सोपवली, म्हणूनच तिचे हात आजच्या कामाला मोकळे राहिले, एवढं मी पाहिलं आहे.