कौले, काच आणि किनाऱ्याची वाट

रायगडच्या किनाऱ्यावर, उत्तरेला किहीम-आवासपासून दक्षिणेला काशीद-मुरूडपर्यंत, गेल्या तीसेक वर्षांत नारळी-पोफळीच्या कितीतरी वाड्यांच्या जागी रिसॉर्ट उभी राहिली. एखाद्या गावात नव्या रिसॉर्टची पाटी लागली की दोन वाद ठरलेले. पहिला जमिनीच्या भावाचा आणि दुसरा इमारतीच्या रूपाचा. पहिल्या वादात बोलणारे थोडे असतात. दुसऱ्यात मात्र सगळेच बोलतात, कारण रूपाविषयी मत द्यायला सातबारा लागत नाही.

मुंबईहून दोन दिवसांसाठी येणाऱ्या कुटुंबाला उतरते छप्पर, लाल कौले, जांभ्याच्या भिंती, पडवीत झोपाळा असे ‘अस्सल कोकण’ हवे असते. खोलीत एअरकंडिशनर असावा, पण तो दिसू नये! मालकाला खोल्यांची संख्या हवी असते. वास्तुविशारदाला आपली सही दिसेल असे काहीतरी हवे असते. आणि गावातला तरुण विचारतो, “काका, कौलं परतायला आता माणसं मिळतात का? तुम्ही शहरात स्लॅबखाली राहणार आणि आम्ही कौलांखाली राहून तुम्हाला देखावा पुरवायचा?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कौले उडाली, पत्रे कागदासारखे गेले आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. ती दुपार ज्याने घरात काढली, त्याला पक्की स्लॅब हवीशी वाटली तर त्याला सौंदर्यदृष्टी नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. अर्थात स्लॅबचेही कौतुक पुरते करू नये. चार पावसाळ्यांनंतर ती गळू लागते आणि मग तिच्यावर पत्र्याची उतरती शेड चढते. म्हणजे फिरून आपण उतरत्या छपरापाशीच येतो!

गंमत अशी की ज्या कौलासाठी आपण इतके हळवे होतो, ते तरी कुठे अस्सल इथले? मंगळुरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ साली मंगळूरला काढला. त्याआधी आपल्याकडे कुंभाराची नळीची कौले होती, गरिबाच्या घरावर पेंढा किंवा झावळ्या होत्या. परके कौल आले, पावसाला उपयोगी पडले आणि दोन-तीन पिढ्यांत आपले झाले. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेचेही तसेच. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे काम १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. चुंबकाच्या मोजमापात लोखंडाची बाधा होऊ नये म्हणून तिथल्या इमारतीसाठी दगड आणला तो थेट पोरबंदरहून. बाहेरचा दगड, पण कामाला नेमका! तेव्हा एखादी वस्तू कुठून आली यापेक्षा ती जागेच्या आणि कामाच्या गरजेला उतरते का, हे पाहणे शहाणपणाचे.

सरकारने या वादात फार पूर्वीच आपले मत नोंदवून ठेवले आहे. किनाऱ्यांच्या रक्षणासाठी केंद्राने १९ फेब्रुवारी १९९१ रोजी अधिसूचना काढली. किनाऱ्यावरच्या हॉटेलांनी नऊ मीटरपेक्षा उंच होऊ नये, तळमजल्यावर एकच मजला चढवावा आणि बांधकाम भोवतालच्या निसर्गाला व स्थानिक वास्तुशैलीला धरून असावे, असे तीत सांगितले होते. पुढे २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. उंची टेप लावून मोजता येते. शैली कशाने मोजायची? मग दर्शनी भागावर चार कौले लावली की शैली झाली, असा सोयीस्कर अर्थ निघतो.

त्याच १९९१च्या अधिसूचनेत आणखी एक कलम होते, त्याची चर्चा मात्र फारशी होत नाही. लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून दोन हॉटेलांच्या मध्ये निदान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवावी, असे ते कलम. माझ्या मते खरी स्थानिक शैली इथे आहे. आपल्या जुन्या गावांत दोन वाड्यांच्या मधून समुद्रावर जाणारी पाखाडी असते. ती कुणाच्या मालकीची, हे कुणी विचारत नाही. कोळणीची पाटी, पोरांचा चेंडू आणि विसर्जनाचा गणपती, सगळे त्याच वाटेने जातात.

ही वाट चांगल्या वास्तुशिल्पाने आपोआप राखली जात नाही. चार्ल्स कोरिया यांनी केरळात कोवळमला डोंगरउतारात बसवलेले हॉटेल जाणकारांनी वाखाणले. गोव्यात दोना पावलाजवळ वायंगिणी किनाऱ्यावरचे ‘सिदाद द गोवा’ हॉटेलही त्यांचेच. पण त्या हॉटेलचे नाव न्यायालयात गाजले ते शैलीमुळे नव्हे. वाढीव बांधकाम आणि किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट, हा तिथला तंटा होता. २० जानेवारी २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकांच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर राज्य सरकारने कायद्यातच दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवण्याचा मार्ग काढला. वाट एकदा बुजली की निकाल हाती येऊनही ती मोकळी होणे किती कठीण, याचा हा धडा.

बँकेतल्या नोकरीत माझ्यापुढे कर्जाच्या कागदांबरोबर अशा इमारतींची रंगीत चित्रे येत. चित्रात नारळाची झाडे हमखास असत. जागेवर जावे तर पायासाठी आधी तीच तोडलेली! चित्र नेहमी समोरून काढलेले असे. विहीर, सांडपाण्याचा खड्डा, कुंपण आणि नोकरांच्या खोल्या मागच्या बाजूला असतात, म्हणून त्यांचे चित्र कुणी काढत नसे. गावाचा संबंध मात्र रोज त्या मागच्या बाजूशीच येतो. किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरीला खारे पाणी लागते, आणि ते आधी शेजारच्या वाडीतल्या म्हातारीच्या जिभेला कळते.

म्हणून नव्या रिसॉर्टचा आराखडा ग्रामसभेपुढे आला, तर कौले की काच यावर तास घालवू नये. पाणी कुठून घेणार, सांडपाणी कुठे सोडणार, कोणती झाडे राहणार, मासे सुकवायची जागा सुटली आहे का आणि समुद्राकडे जाणारी वाट नकाशात कुठे आहे, हे आधी विचारावे. उत्तरे पटली तर मालकाने छप्पर हवे ते घालावे. आणि समोरून काढलेल्या चित्राबरोबर मागच्या बाजूचेही एक चित्र अवश्य मागून घ्यावे.