21 दिवस, 60 पिल्लं

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजारात क्रेटची जेवढी गर्दी, तेवढीच माणसांची गर्दी कृषी सेवा केंद्रांसमोर असते. करपा, नागअळी, पांढरी माशी, प्रत्येकाचं औषध वेगळं. त्या औषधासोबत बऱ्याचदा आणखी एक छोटी बाटली पिशवीत पडते, स्टिकरची. औषध पानावर पसरावं आणि चिकटून राहावं म्हणून ती 200 लिटरच्या बॅरलमध्ये थोडी ओतायची. यातल्या काही बाटल्यांत वनस्पती तेलापासून केलेले मेदाम्लांचे एस्टर असतात. ‘तेलाचंच आहे, काही होत नाही,’ असं सांगितलं जातं आणि ते बरंचसं खरंही आहे. जिवाणू हे एस्टर लवकर फोडतात आणि खाऊन टाकतात. पण फवारणी उरकली की पंप आणि बॅरल धुतलेलं पाणी ओढ्याला लागतं, तिथून मीना नदीला, पुढे घोड आणि भीमेला. काही होत नाही ते कुणाला? आणि किती दिवसांत?

या प्रश्नाचं उत्तर जिथे मोजलं जातं ती पुणे जिल्ह्यातली एक प्रयोगशाळा आहे. खोली 20 अंशांवर राखलेली, दिवे 16 तास चालू, 8 तास बंद. फडताळावर काचेच्या बीकरांची रांग आणि प्रत्येक बीकरात एकच जीव: डॅफ्निया मॅग्ना, म्हणजे जलपिसू. चाचणी सुरू होते तेव्हा तिचं वय 24 तासांपेक्षाही कमी असतं. एस्टरच्या प्रत्येक मात्रेला अशा दहा जणी, आणि साध्या पाण्यात तुलनेसाठी आणखी दहा.

बीकर सांभाळणारी मुलगी टोमॅटोपट्ट्यातच वाढलेली आहे. घरच्या प्लॉटवर औषध मारताना तिने लहानपणापासून पाहिलंय, त्यामुळे बाटलीचं बूच उघडताच येणारा तो जड, तेलकट वास तिला नवा नाही. पहिल्या भेटीतच तिने एक आकडा सांगितला: 60. साध्या पाण्यातल्या जगलेल्या मादीमागे 21 दिवसांत सरासरी किमान 60 जिवंत पिल्लं व्हायला हवीत. ‘साठ झाली नाहीत तर अख्खी चाचणी बाद. औषध कसं आहे ते नंतर, आधी आमचं पाणी चांगलं होतं हे सिद्ध करायचं.’

पद्धत ओईसीडीची, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची, क्रमांक 211. तिच्याआधीची 202 क्रमांकाची चाचणी 48 तासांत संपते आणि जीव हलतो की नाही एवढंच पाहते. एस्टरसारख्या पदार्थांच्या बाबतीत ते 48 तास फार थोडं सांगतात. हे पदार्थ पाण्यात जेमतेम विरघळतात, सावकाश शरीरात शिरतात. आई जिवंत राहते, पोहते, खाते. फक्त पिल्लं कमी होतात, किंवा उशिरा होतात. युरोपच्या रीच कायद्यात वर्षाला 100 टन किंवा त्याहून जास्त बनणाऱ्या वा आयात होणाऱ्या रसायनासाठी ही दीर्घ मुदतीची माहिती मागितली जाते ती याचसाठी. 2011पासून भारतातल्या प्रमाणित प्रयोगशाळांचे निष्कर्ष ओईसीडी देशांत ग्राह्य धरले जातात, म्हणून हे काम इथे होऊ शकतं.

खरी कसोटी तेल पाण्यात घालतानाच लागते. थेट ओतलं तर थेंब तरंगतात. म्हणून मोठ्या बाटलीत पाण्यावर मोजून एस्टर सोडायचं, चुंबकीय कांडीने अगदी हळू, साधारण 24 तास ढवळायचं, मग थांबायचं. तवंग वर आला की खालच्या तोटीतून फक्त पाणी काढायचं. घाई केली तर बारीक थेंब सोबत येतात आणि सगळा निकाल नासवतात.

तो नास कसा दिसतो ते तिने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. निरोगी मादी पारदर्शक असते. खाल्लेल्या शेवाळाने आतडं हिरवंगार, पाठीशी धडधडणारं हृदय, त्याच्यामागे कोशात अंडी. शेजारच्या काचेवरच्या मादीच्या शाखायुक्त स्पर्शिकांना तेलाचा थेंब चिकटला होता. ती वल्ही मारत होती, पण जागची हलत नव्हती. ‘ही मेली तर विषाने मेली म्हणायची का?’ तिने विचारलं आणि वहीत नोंद केली: पृष्ठभागावर अडकली. अडकून मरणं वेगळं, विषाने मरणं वेगळं. अहवालाच्या शेवटच्या तक्त्यात मात्र हा फरक वहीतल्या अशा नोंदींवरच उभा असतो.

आठवडा-दहा दिवसांनी पहिली वीण, मग दर तीन-चार दिवसांनी पुढची. नर लागत नाही. परिस्थिती चांगली असेल तर माद्याच माद्यांना जन्म देतात. पिल्लं पिपेटने एकेक मोजून बाजूला काढायची, शेवाळाचा खाऊ द्यायचा, आठवड्यातून तीनदा पाणी बदलायचं. एका बीकरात 14, एकात 9, एकात गळालेली अंडी. सगळं वहीत. शेवटी बेरीज, आणि पुन्हा तोच आकडा, 60.

हे काम बघताना त्याबद्दल आदर वाटतो, तशीच एक खंतही. डॅफ्निया मॅग्ना ही थंड पाण्यातली जात. जुन्नर-आंबेगावच्या शेततळ्यांत मे महिन्यात पाणी 20 अंशांवर राहत नाही. आपल्याकडच्या साचलेल्या पाण्यात डॅफ्निया लुमहोल्त्झी, मोइना, सेरिओडॅफ्निया यांची वस्ती असते. माशांची लहान पिल्लं यांच्यावर जगतात. अमेरिकेने सेरिओडॅफ्नियावर 25 अंशांची, सात दिवसांची पद्धत केव्हाच बसवली आहे. शिवाय शेतातल्या बॅरलमध्ये एस्टर एकटं नसतं; सोबत कीटकनाशक असतं, बुरशीनाशक असतं. एस्टर निरुपद्रवी ठरलं तरी ते मिश्रण तसंच ठरेल असं नाही, कारण औषध पानात शिरायला मदत करणं हेही त्याचं काम.

ओईसीडीची मार्गदर्शिका डॅफ्नियाच्या दुसऱ्या जातीला मनाई करत नाही. निवडीचं कारण द्यायचं आणि वैधतेचे निकष पाळायचे, एवढीच अट. अडचण तिथेच आहे. लुमहोल्त्झी मॅग्नापेक्षा लहान, तिच्या विणीही लहान; 60 हा आकडा तिच्या बेताचा असेलच असं नाही. आधी आपल्या तळ्यातली निरोगी मादी 27-28 अंशांवर 21 दिवसांत किती पिल्लं देते ते ठरवावं लागेल. नमुने शेततळ्यांत आहेत, शेतकऱ्यांशी रोजचा संबंध असलेलं कृषी विज्ञान केंद्र नारायणगावातच आहे, आणि पिल्लं मोजणारे हात जिल्ह्यात तयार आहेत.