मुंबईच्या पदपथावरचे वास्तव्य

बेघर कोणाला म्हणावे

जनगणनेच्या व्याख्येनुसार जे कुटुंब कोणत्याही इमारतीत वा घरात राहत नाही आणि रस्त्याच्या कडेला, पदपथावर, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, सिमेंटच्या मोठ्या नळांत, रेल्वे फलाटावर किंवा प्रार्थनास्थळाच्या आवारात उघड्यावर राहते, ते बेघर कुटुंब. झोपडपट्टीतला रहिवासी या व्याख्येत बसत नाही. त्याच्याकडे भिंती असतात, छप्पर असते आणि बहुधा विजेचे बिलही असते. मुंबईत हा फरक नीट लक्षात ठेवावा लागतो. २०११ साली बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. त्यांतले सुमारे ५२ लाख लोक झोपडपट्टीत राहत होते आणि बेघर म्हणून नोंदले गेलेले सुमारे ५७ हजार होते. दोघांनाही ‘शहरी गरीब’ या एकाच सदरात घातले, की धोरण मोठ्या गटाचे होते आणि लहान गट कागदावरून नाहीसा होतो.

मोजणीची रात्र

बेघरांची गणना इतरांपेक्षा वेगळी, एकाच रात्रीत उरकली जाते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. ज्याला ठरलेले ठिकाण नाही तो उद्या दुसरीकडे झोपेल आणि दोनदा मोजला जाईल, ही त्यामागची सावधगिरी. पण याच पद्धतीमुळे अनेकजण एकदाही मोजले जात नाहीत. लग्नसराईत केटरिंगच्या कामावर गेलेला, रात्री ट्रकमधून माल उतरवणारा, सरकारी माणूस दिसताच अंथरूण गुंडाळून चालू लागणारा, असे कितीतरी लोक यादीतून निसटतात. तेव्हा ५७ हजार हा किमान आकडा समजणे बरे. त्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार आणि देशात १७ लाख ७३ हजार बेघर नोंदले गेले. त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने आजही नियोजन याच आकड्यांवर चालते.

कामाचे अंतर

पदपथावर राहणारा माणूस रिकामटेकडा असतो, हा समज सर्वाधिक पसरलेला आणि सर्वांत कमी तपासलेला आहे. मसजिद बंदर, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, दादर या भागांत पदपथावरचे वास्तव्य दाट का, याचे उत्तर तिथल्या रोजगारात आहे. घाऊक बाजारात हातगाडी ओढणारा, हमाली करणारा, भंगार आणि कागद-काच वेचणारा, सिग्नलवर गजरे विकणारी बाई, नाक्यावर उभा राहणारा बिगारी, या सर्वांना दिवसाचे काम पहाटे किंवा सकाळच्या पहिल्या दोन तासांत मिळते. नाक्यावर मुकादम येऊन माणसे घेऊन गेला, की उशिरा पोहोचलेल्याचा तो दिवस बुडाला. कर्जत-कसाऱ्याकडे एखादी स्वस्त खोली मिळाली तरी भाडे, रेल्वेचा पास आणि बुडालेले रोज यांची बेरीज मजुरीला परवडत नाही. पदपथाला भाडे नसते. काम तेथून चालत जाण्याइतके जवळ असते.

रात्री दहाच्या सुमारास दुकानांची शटर खाली येऊ लागतात, तशी त्यांच्या पायऱ्यांवर अंथरुणे पडतात. दिवसभर ती गोणपाटात बांधून झाडाच्या बेचक्यात, गटाराच्या कठड्यामागे किंवा ओळखीच्या टपरीखाली ठेवलेली असतात. हातगाडीवाला हातगाडीवरच झोपतो. त्यामुळे गाडी चोरीला जात नाही आणि जमिनीवरच्या ओलीपासून पाठही वाचते. सकाळी दुकान उघडण्याआधी जागा झाडून मोकळी करायची, हा अलिखित करार दोन्ही बाजू पाळतात. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यात एका दुकानासमोर झोपलेल्या माणसांवर मोटार चढली. एकाचा मृत्यू झाला आणि चौघे जखमी झाले. जवळच्या बेकरीत काम करणारे हे मजूर होते. खटला १३ वर्षे गाजला, पण दिवसभर राबणारी माणसे रात्री रस्त्यावर का झोपतात या प्रश्नाची चर्चा त्यामानाने फारच थोडी झाली.

घरांची टंचाई कशी घडली

गिरण्यांच्या काळातही मुंबईतल्या साऱ्या कामगारांना घर नव्हतेच. कोकण आणि घाटावरून आलेले एकटे पुरुष गिरणगावातल्या चाळीत एका खोलीत दहा-पंधराजण राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत होई. दाटीवाटीची का होईना, पण ती एक व्यवस्था होती, आणि गावच्या नात्यामुळे तिथे नवख्यालाही शिरकाव मिळे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीच्या आसपास गोठवली. आहे त्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, मात्र नवी भाड्याची घरे बांधण्यात मालकांना रस उरला नाही आणि पागडीची पद्धत रुजली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि स्वस्त निवाऱ्याचे हे जाळेही विरले. पुढे बांधकाम वाढले, पण ते विकत घेण्याच्या घरांचे. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली, म्हणजे नोंदलेल्या बेघर माणसांच्या आठपटीहून अधिक. तेव्हा घरांच्या एकूण संख्येवरून बेघरपणाचा अंदाज बांधता येत नाही. बिगाऱ्याला परवडेल अशी भाड्याची खोली बांधण्यात आज कोणाचेच हित गुंतलेले नाही, हे मूळ दुखणे आहे.

दोन प्रकारचे वास्तव्य

पदपथवासीयांत दोन गट स्पष्ट दिसतात. पहिला गट झोपडीवाल्यांचा आहे. एखाद्या आवाराच्या भिंतीला टेकून बांबू रोवलेले, वर निळी ताडपत्री, खोली पदपथाच्या रुंदीएवढी, बाहेर पाण्याचा पिंप आणि चूल. अशा रांगांत काही कुटुंबांची तिसरी पिढी राहते. दुसरा गट ज्यांचे काहीच उभे नाही अशांचा: एकटे मजूर, घरातून बाहेर पडलेले वृद्ध, पळून आलेली मुले, मनोरुग्ण. सरकारी योजनांचे मार्गही याच रेषेवर फुटतात. झोपडी असेल तर पुनर्वसनाचा दावा संभवतो, उघड्यावर झोपणाऱ्यासाठी फक्त रात्रनिवारा. फासेपारधी कुटुंबे बहुधा या दोहोंच्या मधे अडकतात. १८७१ च्या कायद्याने त्यांच्यावर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून पुसला गेला. मात्र झोपडी टिकू द्यायची की नाही हे ठरवणाऱ्यांच्या मनातून तो अजून पुसलेला नाही.

ओल्गा टेलिस खटला

१९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस, काही पदपथवासी आणि नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क सामावलेला आहे, आणि काम जिथे आहे तिथून माणसाला उपटणे म्हणजे त्याची उपजीविका काढून घेणे, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला. जगभरच्या घटनातज्ज्ञांनी उचलून धरला तो निकालाचा हाच भाग.

उरलेला भाग इतका उद्धृत होत नाही. पदपथ चालण्यासाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि महापालिका अधिनियमाच्या ३१४ व्या कलमान्वये आयुक्तांना अतिक्रमण हटवता येते, असेही त्याच निकालात म्हटले आहे. कायद्यात ‘विनासूचना’ हटवण्याची मुभा होती. सूचना देऊन बाजू मांडू देणे हाच सामान्य नियम असावा, असा तिचा अर्थ न्यायालयाने लावला. १९७६ च्या झोपडीगणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, म्हणजे पावसाळा सरेपर्यंत, कोणाला हटवू नये, असे आदेश निघाले. बेघरांनी हा खटला तत्त्वात जिंकला आणि पदपथावर हरला, असेच म्हणावे लागते. सूचना देण्याची प्रथा आणि पुरावा-तारखेची भाषा मात्र येथूनच पक्की झाली.

आपली गणना आपण

पाडकाम होणार या धास्तीत असलेल्या भायखळा परिसरातल्या पदपथांवर ‘स्पार्क’ या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९८५ साली तिथल्या रहिवाशांना सोबत घेऊन सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. लोक कोठून आले, काय कमावतात, कोणते काम करतात, हे प्रथमच तपशिलात नोंदले गेले. पदपथावरच्या स्त्रियांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभारली. रोजच्या कमाईतून थोडी थोडी बचत आणि गरजेला कर्ज, असे तिचे काम चाले. झोपडपट्टीवासीयांचे संघटक जोकिन अर्पुथम यांची संघटना सोबत होती. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या गणनेचा उपयोग पुढे दिसला. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत पदपथावरच्या झोपड्याही पात्र ठरल्या आणि काही कुटुंबे मानखुर्दच्या इमारतींत राहायला गेली. ज्यांची नोंद होती ती गेली, आणि ज्यांनी ती नोंद स्वतः करवून घेतली होती ती आधी गेली.

पुनर्वसनाने पक्की भिंत, नळ आणि दार मिळाले. पण भायखळ्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मानखुर्दहून तीच कामे धरून ठेवणे अवघड जाते, आणि इमारतीच्या देखभालीचा मासिक खर्च नव्याने मागे लागतो. १९८५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेले काम आणि घर यांचे नाते पुनर्वसनाची जागा निवडताना पुन्हा सुटून जाते.

निवाऱ्याचा निकष

२०१० मध्ये दिल्लीतल्या थंडीच्या बळींच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने शहरांसाठी निकष घालून दिला: दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांची सोय असलेला, वर्षभर आणि चोवीस तास उघडा राहणारा एक निवारा. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनी माणशी ५० चौरस फूट जागा, पाणी, शौचालय, सामान ठेवण्याची सोय आणि स्त्रिया, कुटुंबे, वृद्ध व आजारी यांच्यासाठी वेगळे निवारे असा तपशील भरला. हा निकष एकूण लोकसंख्येवर बेतलेला असल्याने बेघरांची मोजणी कमी भरली तरी जबाबदारी कमी होत नाही, ही त्यातली उत्तम गोष्ट. त्याप्रमाणे मुंबईला सुमारे १२५ निवारे लागतात. प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प मांडणाऱ्या महापालिकेला पैशाची सबब सांगता येत नाही. जागा नाही, असे उत्तर मिळते.

निवाऱ्यालाही मर्यादा आहेत. पुरुष आणि स्त्रियांचे निवारे वेगळे असले की कुटुंब फुटते. हातगाडी आत नेता येत नाही आणि भंगाराची पोती बाहेर ठेवावी तर चोरीला जातात. कामापासून दोन स्थानके लांब असलेला निवारा रिकामा राहतो, आणि मग ‘या लोकांना रस्ताच आवडतो’ असा शेरा सहज मारला जातो.

इस्पितळाबाहेरचे बेघर

परळच्या टाटा आणि केईएम रुग्णालयांभोवतीचे पदपथवासी वेगळे आहेत. त्यांना गावी घर असते, उपचार मात्र मुंबईतच होतात. केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधले दिवस रुग्ण आणि नातेवाईक ताडपत्रीखाली काढतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे, पण रांग तिच्या क्षमतेपेक्षा नेहमीच मोठी असते. मनोरुग्ण बेघरांसाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलिसांवर त्यांना ताब्यात घेऊन सरकारी आरोग्यसंस्थेत पोचवण्याचे आणि कुटुंबाचा शोध घेण्याचे कर्तव्य टाकले आहे. हे काम डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ ही संस्था १९८८ पासून करत आहे. रस्त्यावरून उचलून कर्जतच्या केंद्रात उपचार करायचे आणि घरी पोचवायचे, ही तिची पद्धत. या कार्यासाठी वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

भीक आणि कायदा

१९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा भीक मागण्याची व्याख्या फार सैल करतो. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे तर तिच्यात येतेच, पण उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणेही येते. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत भिक्षेकरी गृहात ठेवण्याची तरतूद आहे. ज्याचे सगळे सामान एका पिशवीत मावते त्याच्याकडे ‘दृश्य साधन’ दाखवायला असणार तरी काय? दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्याच्या मुख्य तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्राला तो निकाल लागू नाही.

पाणी, शौचालय, पाऊस

दिल्लीत थंडी मारते, मुंबईत पाऊस. जून ते सप्टेंबर अंथरूण सुकत नाही, चूल पेटत नाही, आणि लेप्टोस्पायरोसिस, हिवताप व त्वचारोग वाढतात. पाणी दुकानातून, हॉटेलातून किंवा सोसायटीच्या रखवालदाराकडून पैसे मोजून घ्यावे लागते, त्यामुळे एका हंड्याचा दर पदपथावर सदनिकेपेक्षा कितीतरी जास्त पडतो. शौचालयात प्रत्येक खेपेला पैसे लागतात आणि बरीच शौचालये रात्री बंद असतात. स्त्रिया अंधार पडण्याची वाट पाहत पाणी कमी पितात, आणि त्याची किंमत मूत्रमार्गाच्या विकारांनी चुकवतात. उड्डाणपुलांखाली जाळ्या, कुंड्या आणि बागा आल्या, तशा कोरड्या जागाही कमी झाल्या. बागा देखण्या आहेत, पण पावसाळ्यात तिथे झोपणारे कोठे गेले याची नोंद कोणत्याही खात्याकडे होत नाही.

पत्त्याचा पुरावा

शिधापत्रिका, बँक खाते, शाळाप्रवेश, पुनर्वसन, सगळ्यांची सुरुवात पत्त्यापासून होते, आणि पाडकामाच्या गाडीत कागदपत्रांची पिशवी गेली की तोही पुरावा संपतो. निवडणूक आयोगाने यावर साधा तोडगा काढला आहे. बेघर व्यक्तीने अर्जात लिहिलेल्या जागी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जाऊन ती तिथे खरोखर झोपते का, हे एकाहून अधिक वेळा पाहतो. तसे आढळले तर कागदी पुराव्याची अट राहत नाही. इतर खात्यांनी ही पद्धत उचललेली नाही. त्यामुळे मुंबईत मतदार म्हणून पदपथाचा पत्ता चालतो, पण त्याच पदपथावरच्या झोपडीबद्दल मोफत घर मिळवायचे तर १ जानेवारी २००० पूर्वीचा कागद दाखवावा लागतो.