बंधपत्राने न बांधली जाणारी बुद्धी

संगणक अभियंत्याच्या नेमणूकपत्रात तीन महिन्यांच्या नोटिशीची अट असणे आता हिंजवडीतही नवलाचे राहिलेले नाही. काही कंपन्या नवोदितांकडून ठरावीक वर्षांचा बाँडही लिहून घेतात. नेमून दिलेले काम मुकाट्याने करणारा माणूस अशा अटींमुळे थांबतोही. परंतु ‘हे असेच का?’ असे वरिष्ठांना विचारणारा, काहीसा विक्षिप्त वाटणारा तंत्रज्ञ कशामुळे येतो आणि कशामुळे जातो, हे समजून घ्यायचे तर कॅलिफोर्नियातील १९५७ सालच्या एका घटनेकडे वळावे लागते.

ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेले विल्यम शॉकली यांनी १९५६ च्या सुमारास माउंटन व्ह्यू येथे स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली. बेल प्रयोगशाळेतील जुने सहकारी त्यांच्याबरोबर येण्यास राजी झाले नाहीत. (ह्यातच पुष्कळ काही आले!) मग त्यांनी देशभरातून तरुण संशोधक वेचले. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर, जाँ होर्नी हे त्यांतलेच. त्याच वर्षी शॉकलींना नोबेल पारितोषिक मिळाले. अशा माणसाच्या हाताखाली सिलिकॉनवर काम करायला मिळणे, हेच ह्या तरुणांना मोठे आकर्षण होते. माणसे पारखण्यात शॉकली तिळमात्र चुकले नाहीत.

चुकले ते पुढे. हाताखालच्यांनी काढलेले निष्कर्ष ते बेल प्रयोगशाळेतील परिचितांकडून पडताळून घेत. कार्यालयातील एका महिलेच्या बोटाला इजा झाली, तेव्हा त्यांना घातपाताचा संशय आला आणि त्यांनी सहकाऱ्यांच्या सत्यशोधन चाचणीचा आग्रह धरला. शिवाय सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे काम मागे सारून स्वतःच्या आवडत्या चारथरी डायोडवर त्यांनी भर दिला. अपमान एखादे वेळी गिळता येतो. पण ज्या कामासाठी आलो तेच काढून घेतले जाणे अशा माणसांना सोसवत नाही.

सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले. त्यांना मुळात कंपनी काढायचीच नव्हती. आम्हा सर्वांना एकत्र कामावर ठेवील असा मालक हवा, एवढेच त्यांच्या पत्रात होते. म्हणजे प्रश्न केवळ पैशाचा नव्हता, हाताशी जमलेली माणसे आणि विषय टिकवण्याचा होता. आर्थर रॉक ह्या तरुण गुंतवणूक सल्लागाराने त्यांना स्वतंत्र कंपनीचा मार्ग सुचवला आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली.

गंमत अशी, की फेअरचाइल्डलाही हा धडा पचला नाही. नफा पूर्व किनाऱ्यावरील मूळ कंपनीकडे जाई आणि समभागांत वाटा मोजक्यांनाच मिळे. एकेक करून माणसे गळू लागली. १९६८ साली नॉइस आणि मूर यांनीही ती सोडून इंटेल स्थापन केली. तेथे अभियंत्यांना समभागांत वाटा मिळाला. साहेबांसाठी गाड्यांच्या राखीव जागा नव्हत्या आणि नॉइस इतरांसारख्याच साध्या मेजावर बसत.

ह्या साऱ्याला कायद्याचेही बळ होते. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करणारे करार कॅलिफोर्नियात १८७२ पासून सामान्यतः निरर्थक ठरतात. योगायोग असा, की आपल्या भारतीय करार कायद्याचे वर्षही १८७२ हेच, आणि त्याचे कलम २७ जवळपास तेच सांगते. मात्र नोकरीच्या काळापुरती घातलेली बंधने वेगळी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षे सेवा अथवा दोन लाख रुपये भरपाई, ही अट वैध ठरवली.

तेव्हा बाँड कायद्यात बसू शकतो. पण नोटिशीच्या काळाचे पैसे नवी कंपनीच अनेकदा भरून टाकते, आणि ज्याला ती असे उचलून नेते, तो बहुधा जुन्या कंपनीला सर्वाधिक हवा असलेला माणूस असतो.