चौकटीबाहेर राहिलेला ब्रह्मदेश

डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन भारताच्या दौऱ्यावर आले, तेव्हा ते मुद्दाम रत्नागिरीला थिबा राजाच्या समाधीवर गेले. 1885 साली इंग्रजांनी मंडालेहून उचलून नेलेला हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला आणि तिथल्याच मातीत राहिला. कित्येक दशकं जगाला दार बंद करून बसलेला देश आपला राजा शोधत कोकणात येतो, ही त्या काळातली साधी घटना नव्हती. नेमक्या त्याच हंगामात जगभरचे हौशी छायाचित्रकार कॅमेरे घेऊन यांगोनला उतरत होते. ‘बदलायच्या आत बघून घ्या,’ असा सल्ला त्यांना जो तो देत होता. हा सल्ला मला तेव्हाही खटकला होता, आजही खटकतो. देश कूस बदलत असताना तिथे जायचं आणि जे बदलत नाही तेवढंच टिपून आणायचं, यात हातची केवढी मोठी गोष्ट निसटते!

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1962 मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि लष्कर खुर्चीला चिकटलं ते चिकटलंच. नोव्हेंबर 2010 मध्ये आंग सान सू ची यांची नजरकैद संपली. पुढच्या मार्चमध्ये गणवेश उतरवलेल्या थेन सेन यांचं सरकार आलं. एप्रिल 2012 च्या पोटनिवडणुकीत सू चींच्या पक्षाने लढवलेल्या 44 पैकी 43 जागा जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये छापण्याआधी मजकूर तपासून घेण्याची सक्ती उठली. 2011 मध्ये जेमतेम आठ लाख परदेशी पाहुणे आले होते. 2015 मध्ये सरकारी आकडा 47 लाखांच्या घरात गेला. सीमेवरून दिवसभरासाठी येणारेही त्यात धरले होते, तरी वाढ डोळ्यांत भरण्यासारखी होती.

बदल बघायला कुठे लांब जावं लागत नव्हतं. यांगोनच्या फुटपाथवर छत्रीखाली एक टेबल, त्यावर दोन-तीन साधे लँडलाइन फोन, शेजारी घड्याळाकडे बघत बसलेली बाई आणि समोर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर कानाला रिसीव्हर लावलेलं गिऱ्हाईक. आपल्या पीसीओचाच हा उघड्यावरचा अवतार. सिमकार्डाची किंमत एकेकाळी हजार डॉलरांच्या वर होती, मग सामान्य माणूस करणार काय? 2014 मध्ये दोन परदेशी कंपन्या आल्या, सिमकार्ड दीड हजार च्यॅटला, म्हणजे दीड-दोन डॉलरला मिळू लागलं आणि बघता बघता ती टेबलं उठली. त्या टेबलांचे नीट काढलेले फोटो किती जणांकडे असतील?

बसचंही तसंच. 1970 मध्ये ने विन यांनी वाहतूक डावीकडून उजवीकडे वळवली, पण जपानहून आलेल्या जुन्या बसचे दरवाजे डावीकडेच राहिले. त्यामुळे उतारू फुटपाथवर उतरण्याऐवजी थेट रस्त्याच्या मध्यावर उतरायचे. लुंगी सावरत, एक हात वर करून मागून येणाऱ्या गाड्या थोपवत रस्ता ओलांडणारा माणूस म्हणजे एका हुकूमशहाच्या लहरीचा चालताबोलता पुरावा होता. 2011 पासून गाड्यांच्या आयातीवरची बंधनं सैल झाली, खिळखिळ्या मोटारी मोडीत गेल्या आणि ज्या शहराला वाहतूक कोंडी ठाऊक नव्हती ते तासन् तास तुंबू लागलं. सरकारी दराने डॉलरला सहा च्यॅट आणि बाजारात आठशेच्या आसपास, हा अजब कारभार एप्रिल 2012 मध्ये संपला. तरी पाहुण्यांना घडी न पडलेल्या डॉलरच्या कोऱ्या करकरीत नोटाच आणाव्या लागत. कोपरा दुमडलेला दिसला की नोट परत. आणि स्वातंत्र्यलढ्याचे नेते आंग सान आणि त्यांची मुलगी सू ची, ज्यांचा फोटो भिंतीवर लावायची चोरी होती, ते दोघे तेव्हा कॅलेंडरांवर, टी-शर्टांवर, कीचेनवर विकायला मांडलेले असत. नुसती ही मांडणी टिपली असती तरी त्या वर्षाचा इतिहास हाती लागला असता.

पण पाहुण्यांच्या कॅमेऱ्यात बहुधा दुसरंच काही यायचं. पगानची देवळं पहाटेच्या धुक्यात, वर गरम हवेचे फुगे. उ बेन पुलाच्या सागवानी खांबांमागे मावळता सूर्य आणि एखादा भिक्खू. फोटो सुंदरच असायचे, नाही म्हणवत नाही. मात्र जुन्या पगानमधल्या रहिवाशांना 1990 मध्ये लष्करी राजवटीने सक्तीने हलवून नव्या वसाहतीत नेलं होतं. त्या चित्रातला निर्मनुष्यपणा अशा रीतीने घडवलेला आहे. तो दाखवणारा फोटो, काढणाऱ्याच्या मनात नसतानाही, सरकारी नजरेने बघतो.

इन्ले सरोवरावर तर हे उघडपणे चालायचं. तिथले इंथा कोळी एका पायावर उभे राहून दुसरा पाय वल्ह्याला गुंडाळून होडी हाकतात. दोन्ही हात जाळ्यासाठी मोकळे राहावेत म्हणून साधलेलं हे विलक्षण कसब. पर्यटकांची बोट सरोवराच्या तोंडाशी आली की शंकूच्या आकाराचा उंच सापळा पायावर तोलून धरणारे दोघे-तिघे समोर येतात, एकाच ढंगात तोल सांभाळून थांबतात आणि मग बक्षिसी मागतात. खरी मासेमारी करणारे थोडे पुढे नायलॉनची जाळी टाकत असतात, पण त्यांच्याकडे लेन्स वळत नाहीत. पोटासाठी उभं राहणाऱ्या त्या माणसाला मी दोष देणार नाही. उलट, सापळा खाली ठेवून तो नोटा मोजतो त्या क्षणाचा फोटो मला जास्त खरा वाटतो, कारण त्यात तो आणि आपण दोघेही असतो.

हे सगळं नवं आहे असंही नाही. 1855 मध्ये मद्रास फौजेतला कॅप्टन लिनियस ट्राइप इंग्रज शिष्टमंडळाबरोबर अमरापूरला गेला. तीन वर्षांपूर्वीच्या युद्धात दक्षिण ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला होता, राजधानी लवकरच मंडालेला हलायची होती. मेण लावलेल्या कागदी निगेटिव्हवर त्याने शंभराहून अधिक दृश्यं घेतली. एक्स्पोजर लांब, त्यामुळे माणसं जवळपास नाहीतच. आकाश कोरं दिसतं म्हणून काही निगेटिव्हवर त्याने ढग रंगवले. त्याची चित्रं अप्रतिम आहेत आणि आज त्यांच्याशिवाय ते अमरापूर कुणाला दिसलंच नसतं.

तीस वर्षांनी, थिबाला नेल्यानंतर काही आठवड्यांतच, मंडालेत विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने डाकू ठरवलेल्या ब्रह्मी माणसांना गोळ्या घालतानाचे फोटो घेतले. कॅमेऱ्यातली काचेची पट्टी तयार होईपर्यंत गोळीबाराचा हुकूम लांबवल्याचा त्याच्यावर आरोप झाला, विलायतेत गहजब उडाला आणि चौकशीअंती त्याच्यावर ठपका आला. मरणाऱ्याची शेवटची मिनिटं चित्रासाठी ताणायची! छायाचित्रणाच्या नीतीवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण वाचायला हवं.

ब्रह्मी लोक स्वतःकडे कसं बघत होते, हे कळायला मात्र त्यांच्याच स्टुडिओंकडे जावं लागतं. लुकास बर्क या ऑस्ट्रियन कलावंताने 2013 पासून ‘म्यानमार फोटो आर्काइव्ह’ उभं करून असे जुने फोटो जमवले. रंगवलेल्या पडद्यांपुढे नटूनथटून, मान उंच करून उभी राहिलेली ही माणसं कुणाच्याही दयेला पात्र दिसत नाहीत. 2009 पासून भरणाऱ्या यांगोन फोटो महोत्सवात तरुण स्थानिक छायाचित्रकारही आपल्या गल्लीबोळांच्या कथा मांडू लागले होते.

बदलाची दुसरी बाजूही त्याच वर्षांतली. 2012 मध्ये राखाइन प्रांतात दंगली उसळल्या, 2017 मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्यांनी बांगलादेशात पळ काढला. त्याच प्रांतात ङापालीचा नितळ समुद्रकिनारा आहे; तिथल्या सूर्यास्तांचे फोटो मात्र या काळातही काढले जात होते.

1 फेब्रुवारी 2021 ला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली. राजधानी नेपिडोच्या रुंद रस्त्यावर एक शिक्षिका व्यायामाचा व्हिडिओ काढत होती. तिच्यामागून संसदेकडे जाणारा काळ्या गाड्यांचा ताफा गेला आणि तिला पत्ताही नव्हता. जगाला त्या उठावाचं पहिलं दर्शन घडलं ते असं, पार्श्वभूमीतून. त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी राजवटीविरुद्धच्या मूक संपाचे फोटो काढताना पकडलेले छायाचित्रकार सो नाइंग चार दिवसांत कोठडीत मरण पावले. 2007 च्या भिक्खूंच्या आंदोलनात जपानी पत्रकार केंजी नागाई यांना यांगोनच्या सुले पॅगोड्याजवळ गोळी घातली, तेव्हा त्यांचा कॅमेरा गायब झाला होता. तो त्यांच्या बहिणीच्या हाती पडायला एप्रिल 2023 उजाडलं. फोटो ओळख पटवतो, आणि तिथे ओळख पटणं जिवावर बेतू शकतं. म्हणून 2021 नंतर चेहरे पुसलेले, निनावी फोटो येऊ लागले.

28 मार्च 2025 ला 7.7 तीव्रतेच्या भूकंपाने सगाईंग आणि मंडाले हादरलं. इरावतीवरचा 1934 चा जुना आवा पूल कोसळला, मंडालेच्या राजवाड्याच्या तटबंदीला भगदाडं पडली. याच तटबंदीच्या आतल्या तुरुंगात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिलं. त्यामुळे मंडालेला गेलेला मराठी माणूस त्या तटाचा एक तरी फोटो काढतोच. आज ते फोटो मोलाचे झाले आहेत.

2012 च्या आसपासच्या त्या वर्षांत म्यानमारला जाऊन आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर हार्ड डिस्क उघडा. देवळांचे फोटो बाजूला ठेवा आणि चुकून आलेले, वायरी मध्ये आल्या म्हणून नापसंत केलेले बाहेर काढा: फोनची टेबलं, बसथांबे, वर्तमानपत्रांचे स्टॉल, दुकानांच्या पाट्या. प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण लिहा. ज्यांत चेहरे ओळखू येतात, विशेषतः सू चींची तसबीर किंवा पक्षाचा झेंडा हाती धरलेली माणसं आहेत, ते समाजमाध्यमांवरून आजच काढून टाका. मूळ प्रत मात्र पुसू नका. त्या माणसांना ती कधीतरी लागेल.