क्वेसारांच्या प्रकाशांतील काळ्या रेषा

रात्रीच्या काळोखांत मुठेच्या पात्रावर धुकें पसरलेलें असलें, तरी तें डोळ्यांस दिसत नाहीं. पण पलीकडच्या तीरावर एखादा दिवा असला आणि त्याचा उजेड मंद दिसूं लागला, कीं मध्यें धुकें आहे हें सहज कळून येतें. विश्वाच्या दूरच्या भागांत पसरलेल्या वायूचा शोध खगोलशास्त्रज्ञांनीं याच युक्तीनें लावला आहे. मात्र त्यांचा दिवा फार दूरचा व फार तेजस्वी आहे. त्याचें नांव क्वेसार.

१९६३ सालीं मार्टेन श्मिट या ज्योतिर्विदानें दाखवून दिलें कीं, ताऱ्यासारखा ठिपका दिसणारी एक ज्योति वस्तुतः आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडे आहे. अशा ज्योति म्हणजे दीर्घिकांचीं केंद्रें होत. तेथील प्रचंड कृष्णविवराकडे खेंचलें जाणारें द्रव्य तापून झळाळतें आणि त्याचा प्रकाश अब्जावधि वर्षें प्रवास करून पृथ्वीपर्यंत पोंचतो.

या प्रवासांत वाटेंत वायूचे मेघ आडवे येतात. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठरलेले रंगच शोषून घेतें. म्हणून वर्णपटांत त्या जागीं काळ्या रेषा उमटतात. हायड्रोजनची मुख्य रेषा १,२१६ अँगस्ट्रॉम या अदृश्य, जंबुपार तरंगलांबीवर असते. पण विश्व प्रसरण पावत असल्यामुळें प्रकाशाचे तरंगहि ताणले जातात. मेघ जितका दूर, तितकी त्याची रेषा तांबड्या टोंकाकडे अधिक सरकते. त्यामुळें एकाच क्वेसाराच्या वर्णपटांत शेंकडों रेषा ओळीनें मांडलेल्या दिसतात. रेषेच्या जागेवरून मेघाचा काळ समजतो, तिच्या रुंदीवरून व गडदपणावरून वायूचें प्रमाण, आणि सोबतच्या इतर रेषांवरून त्याचे घटक.

या पद्धतीचा मोठा गुण असा कीं, वायु स्वतः प्रकाशमान असण्याची गरज नाहीं. दुर्बिणींतून थेट दिसतात त्या बहुधा तेजस्वी दीर्घिका; परंतु ज्या वायूपासून तारे अजून घडावयाचे आहेत, तो काळोखांतच राहतो. काळ्या रेषा नेमका तोच कच्चा माल दाखवितात. कार्बन, मॅग्नेशियम, लोह हीं द्रव्यें ताऱ्यांच्या पोटांत व त्यांच्या स्फोटांत तयार होतात. म्हणून मेघांत त्यांच्या रेषा सांपडल्या, कीं तेथें पूर्वीं तारे जन्मून मेले, हें सिद्ध होतें. प्राचीन मेघांत या द्रव्यांचें प्रमाण पुष्कळदां सूर्यांतील प्रमाणाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी आढळतें, आणि आपल्या काळाकडे यावें तसतसें सरासरीनें तें वाढत जातें. शिवाय दीर्घिकांपासून बरेंच दूरहि त्यांच्या रेषा मिळतात. तात्पर्य, दीर्घिका हें बंद भांडें नव्हे. वायु बाहेरून येतो, त्याचे तारे होतात, कांहीं भाग स्फोटांनीं बाहेर फेंकला जातो व त्यांतला कांहीं परत येतो.

या संशोधनांत पुण्याचा वांटा मोठा आहे. गणेशखिंडींतील विद्यापीठाच्या आवारांत १९८८ सालीं ‘आयुका’ ही संस्था स्थापन झाली व जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक झाले. तेथील रघुनाथन श्रीआनंद यांनीं पॅट्रिक पेतिजाँ व सेद्रिक लेदू यांच्यासह एक महत्त्वाची कसोटी पाहिली. महास्फोटाचा सिद्धांत खरा असेल, तर अवकाशांत भरून राहिलेलें प्रारण पूर्वीं अधिक उष्ण असलें पाहिजे. आज त्याचें तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें २.७ अंश आहे. सुमारें १,१०० कोटी वर्षांपूर्वींच्या एका मेघांत तें ९.१ अंश असावें, असें गणित सांगत होतें. चिलीमधील मोठ्या दुर्बिणीनें त्या मेघांतील कार्बनच्या रेषा तपासल्या गेल्या, कारण कार्बनचे अणु तेथें तापमापकाचेंच काम करतात. उत्तर आलें तें ६ व १४ अंशांच्या दरम्यान. डिसेंबर २००० मध्यें तें ‘नेचर’ पत्रिकेंत प्रसिद्ध झालें. तापमान आजच्याइतकेंच निघालें असतें, तर तो सिद्धांत संकटांत आला असता. विशेष हें कीं, नारळीकर स्वतः त्या सिद्धांताचे अखेरपर्यंत टीकाकार होते. आणि त्यांनींच उभारलेल्या संस्थेंतून ही कसोटी पाहिली गेली. पुढें २००८ सालीं दुसऱ्या एका मेघांतील कार्बन मोनॉक्साइडच्या रेषांवरून ९.१५ अंश हें अधिक नेमकें मान मिळालें.

दीर्घिकांच्या वाढीचा मुख्य प्रश्न मात्र वायूच्या पुरवठ्याचा आहे. नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण हायड्रोजनचे २१ सेंटिमीटरचे तरंग टिपते. २०२० सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील संशोधकांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७,६५३ दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र केले. सुमारें ८०० कोटी वर्षांपूर्वींच्या त्या दीर्घिकांत वायु विपुल होता. पण नवा पुरवठा न झाल्यास तो १०० ते २०० कोटी वर्षांत संपला असता. विश्वांतील ताऱ्यांची निर्मिति पुढें मंदावली, तिचें कारण हा पुरवठा आटला हेंच असावें.

तो कां आटला, हें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. एक क्वेसार आकाशांतील एकच सरळ वाट उजळतो. तिच्या दोन बोटें बाजूस काय आहे, हें तो सांगूं शकत नाहीं. म्हणून हजारों क्वेसारांच्या वाटा तपासून, त्यांतून दीर्घिकांच्या भोंवतालच्या वायूचें चित्र जुळविण्याचें काम आज पुण्यांतहि चालूं आहे.